बदलीचा पास आणि मोबाइलचा आयडी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला सांगितलं, धम्मावर बोला. मी गिरणी कामगार, पोटापाण्यावरच बोलणार. आणि पोटापाणी धम्माच्या बाहेर नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला सांगितलं आहे की, नोकराला झेपेल तेवढं काम द्यावं, अन्न-वेतन द्यावं, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्या वस्तीतली पोरं पाठीला पेटी बांधून घरोघर जेवण पोचवतात, त्यांच्या वाट्याला यातलं काय येतं? ताप आला, की त्या दिवसाची कमाई गेली.

कंपनी म्हणते, हा कामगार नाही, 'भागीदार' आहे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, पडला तर मोडलेला पायही त्याचाच. दर मात्र कंपनी ठरवणार. गिऱ्हाइकाने तारे कमी दिले, की आयडी बंद. दाद कुणाकडे मागायची? आमच्या वेळी मुकादम निदान डोळ्यांना दिसत तरी होता!

हे नवीन नाही, बंधूंनो. गिरणीत याला बदली म्हणत. कायम माणूस गैरहजर असेल तर काम, नाहीतर डबा घेऊन घरी परत. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कंट्रोल आला, त्याआधी सगळं जॉबरच्या मर्जीवर होतं. पण बदलीवाल्याच्या हातात पास होता, तो कामगार आहे हे मालकालाही कबूल होतं, म्हणून कायम होण्यासाठी भांडता येत होतं. आजच्या पोराला 'तू कामगारच नाहीस' म्हटल्यावर तो भांडणार कशाच्या जोरावर?

सुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मोबाइल जात विचारत नाही, हे खरं. पण कित्येक सोसायट्यांत डिलिव्हरीवाल्याला रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

उपाय नाही असं नाही. तो आपल्या महाराष्ट्रातच आहे. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत. म्हणून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी बोर्डाकडे भरायची, वर लेव्ही भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवापाणी. काम कुणाकडेही करा, हक्क बोर्डात जमा. मग मोबाइलवरच्या कामाला हे का नको? तिथे तर प्रत्येक फेरीचा हिशेब कंपनीकडे पैशापैशाने असतो. लेव्ही कापायला कितीसा वेळ लागणार?

राजस्थानने २०२३ साली असा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ साली. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यावी असं आहे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांवर ती जाणार नाही. चांगलं आहे, नको कशाला म्हणू? पण हा विम्या-बिम्याचा भाग झाला. किमान वेतन, कामाचे तास, आयडी बंद करण्याआधी नोटीस, हे त्यातून मिळत नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबरच्या चालकांना कामगार ठरवून किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क मान्य केला. तिथेही कंपनी आधी हेच म्हणत होती, की ते स्वतंत्र धंदेवाईक आहेत.

आठ तासांचा दिवस आज हवेसारखा फुकट वाटतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४५ च्या श्रम परिषदेत त्यांनी तो विषय लावून धरला, आणि १९४६ साली आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले. आपली पोरं आज पुन्हा बारा-बारा तास रस्त्यावर आहेत, तेही 'स्वतःच्या मर्जीने'!

आता कामाचं बोलतो. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात ई-श्रमची नोंदणी करू. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल आणा. ज्यांचे आयडी बंद झाले, त्यांनी तारीख आणि आलेला मेसेज वहीत लिहून ठेवावा, मेसेज पुसू नये. शंभर वह्या जमल्या, की सहायक कामगार आयुक्तांकडे आपण सगळे मिळून जाऊ.

नमो बुद्धाय! जयभीम!