जायची वाट, यायची वाट



विजेचा धडा सुरू करताना पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नसे. प्रत्येक बाकावर तीन वस्तू ठेवायचो. टॉर्चचा एक सेल, टॉर्चचाच एक लहान बल्ब आणि दोन्ही टोकं सोललेली वीतभर तांब्याची तार. आणि सांगायचो, "बल्ब लावून दाखवा."

बहुतेक मुलं एकच गोष्ट करायची. तारेचं एक टोक सेलच्या टोपीला, दुसरं बल्बच्या बुडाला. बल्ब लागायचा नाही. मग "सर, सेल संपलाय", "सर, बल्ब गेलाय" अशी हाकाटी. मुलांचं काही चुकत नव्हतं. घरी ती हेच बघत असतात. मिक्सरला एकच वायर, टेबलफॅनला एकच वायर. त्या जाड वायरच्या पोटात दोन किंवा तीन निरनिराळ्या तारा असतात, हे कोणी त्यांना कापून दाखवलेलं नसतं.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ बल्ब डोळ्यांजवळ धरून फिरवत बसली होती. तुम्हीही असा बल्ब हातात घेऊन बघा. बुडाला शिशासारखा एक ठिपका असतो आणि भोवती धातूची नळी. ठिपका आणि नळी यांच्यामध्ये एक काळपट कडं असतं, त्यातून वीज जात नाही. काचेच्या आत दोन बारीक दांड्या, आणि त्यांच्यावर केसाहून बारीक तार ताणलेली. एक दांडी खालच्या ठिपक्याला जोडलेली, दुसरी नळीला. म्हणजे बल्बला दोन दारं आहेत. त्या मुलीला ती दिसली. तिनं बल्बचा ठिपका सेलच्या टोपीवर टेकवला, तारेचं एक टोक सेलच्या बुडाला लावलं आणि दुसरं बल्बच्या नळीला. बल्ब लागला. मंद, तांबूस, पण लागला. अख्खा वर्ग तिच्या बाकाभोवती जमा झाला.

तिनं काय केलं होतं? विजेला जायला वाट होतीच, तिनं परत यायलाही वाट करून दिली. सेलच्या एका टोकापासून निघून, बल्बमधून जाऊन, सेलच्या दुसऱ्या टोकाशी पोचणाऱ्या या बंद वाटेला तुमच्या पुस्तकात विद्युत परिपथ म्हणतात. ही वाट कुठंही तुटली की विजेची धारा सगळीकडेच थांबते. भिंतीवरचं बटण एवढंच काम करतं, वाट तोडतं आणि जोडतं.

आता एक प्रश्न मुलं हमखास विचारायची. बल्बनं वीज वापरली, तर परत यायला उरतं काय? याचं उत्तर तुमच्या सायकलीच्या चेनमध्ये आहे. तुम्ही पायडल मारता, चेन फिरते, मागचं चाक फिरतं. चाकापाशी चेन संपते का? जेवढ्या कड्या मागे गेल्या तेवढ्याच पुढे येतात. चाकापर्यंत पोचते ती तुमच्या पायाची ताकद. तसंच तारेतल्या धातूत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले असतात. सेल त्यांना रेटा देतो आणि सगळा ताफा एकदम सरकू लागतो. बल्बच्या बारीक तारेतून जाताना त्यांची घासाघीस होते, तार तापते, पांढरी होऊन उजळते. ही तार टंगस्टनची करतात, कारण हा धातू 3400 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. इलेक्ट्रॉन मात्र तेवढेच्या तेवढे पुढे जातात. आणि किती सावकाश! घरातल्या तारेत त्यांचा सरकण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरभरही नसतो. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण पायडल मारल्याबरोबर चेनची मागची कडीही हलते.

सेलच्या या रेट्याला विभवांतर म्हणतात, तो व्होल्टमध्ये मोजतात. टॉर्चच्या सेलचा रेटा दीड व्होल्ट. व्होल्ट हे नाव इटलीच्या व्होल्टांवरून आलं. 1800 साली त्यांनी जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले, आणि सतत धारा देणारी पहिली रास तयार झाली. वाटेतली धारा मोजायची ती अँपिअरमध्ये, आणि वाटेतली अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये. ओहम हे जर्मनीतले शाळामास्तर, कुलूपं करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. रेटा दुप्पट केला तर धारा दुप्पट, रोध दुप्पट केला तर धारा निम्मी, हा त्यांचा नियम 1827 साली छापला गेला. एका शिक्षकानं शाळा सांभाळून हे शोधलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

जोडणीचे दोन प्रकार पुस्तकात आहेत, ते गणपतीच्या आराशीत बघा. जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी ओळ विझायची, कारण सगळे बल्ब एकाच वाटेवर ओळीनं बसवलेले. ही एकसर जोडणी. घरातले दिवे तसे नसतात. स्वयंपाकघरातला बल्ब गेला तरी पंखा फिरत राहतो, कारण प्रत्येकाला जायची-यायची आपापली वाट असते. ही समांतर जोडणी.

आता जे सांगतो ते मात्र नीट कान देऊन ऐका. सेलशी खुशाल खेळा, दीड व्होल्टनं काही होत नाही. भिंतीतल्या प्लगमध्ये 230 व्होल्ट असतात, आणि तिथं परतीची वाट तुम्ही स्वतः होऊ शकता. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज, दुसरी न्यूट्रल. ही न्यूट्रल तार डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीत जोडलेली असते. त्यामुळे ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून नुसत्या फेजला हात लागला तरी वाट पूर्ण होते, फेज, हात, छाती, पाय, जमीन, डीपी. उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि तिच्यातून पुढे जायला वाटच नसते. माणसाच्या शरीरातून 30 मिलिअँपिअरच्या आसपास धारा गेली तरी जीव जाऊ शकतो. घरातल्या 9 वॅटच्या एलईडी बल्बलाही एवढीच, किंबहुना थोडी जास्त लागते.

पावसाळ्यात पत्र्याच्या घरांकडे बघताना माझ्या पोटात गोळा येतो. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधलेली असते, तिचं एक टोक पत्र्याच्या खिळ्याला. विजेच्या वायरचं रबर कुठंतरी झिजून ती पत्र्याला टेकते. पत्र्यातून धारा तारेत येते, आणि ओला कपडा घेऊन आई अंगणात जाते. आज घरी गेल्यावर ही तार काढायला सांगा. तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधा, तिच्यातून वीज जात नाही. कुणाला शॉक बसून तो चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, तेही यातच आलं. ती अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडणारी पिन. लांब असल्यामुळे ती सगळ्यांच्या आधी जोडली जाते आणि जाड असल्यामुळे दुसऱ्या भोकात शिरत नाही. इस्त्रीच्या अंगात चुकून धारा उतरली तर तिला तुमच्याऐवजी ही पिन परतीची वाट देते. तेव्हा ती पिन कापून दोन पिनांवर इस्त्री चालवणाऱ्याला अडवा, तो घरातला मोठा माणूस असला तरी.

शेवटी एक कोडं. आजोबांच्या जुन्या सायकलीला डायनामो असेल तर बघा. चाकाला घासून फिरणारी ती बाटली. तिच्यापासून पुढच्या दिव्याकडे बहुतेक एकच तार गेलेली दिसेल. मग धारा परत कुठून येते? सायकलीच्या लोखंडी सांगाड्यातून. पण सांगाड्यावर तर रंग असतो, आणि रंगातून वीज जात नाही. डायनामो जिथं कसलाय तिथं एक टोकदार स्क्रू शोधा, आणि त्याच्या टोकानं रंग खरवडून आतलं लोखंड गाठलंय का, ते बोट लावून पाहा.