गोटीचे मत

मंडळी, आफ्रिकेच्या नकाशात पश्चिमेकडे पाहा. समुद्रापासून आत शिरलेली एक बारीक पट्टी दिसेल. तो गांबिया देश. मधून गांबिया नदी वाहते. तिच्या दोन काठांची जमीन, एवढाच सारा मुलूख. तोंडाशी समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना सेनेगाल देश.

असा चमत्कारिक आकार का? नदी इंग्रजांच्या हाती होती आणि भोवतालचा मुलूख फ्रेंचांच्या. १८८९ साली दोघांनी बसून सरहद्द ठरवली. काठावरच्या लोकांना विचारतो कोण! एक बोली बोलणारी माणसे काही इकडे राहिली, काही तिकडे.

त्याआधीची हकीकत याहून वाईट. नदीतल्या एका लहानशा बेटावर गोऱ्या व्यापाऱ्यांचा किल्ला होता. माणसे धरून आणायची आणि जहाजांत कोंबून अमेरिकेकडे विकायला न्यायची, हा त्यांचा धंदा. इंग्रजांनी १८०७ साली कायद्याने तो बंद केला. १८१६ साली त्यांनी नदीच्या मुखाशी ठाणे वसवले. तीच आजची राजधानी बांजूल. पुढे शेतकरी विक्रीसाठी भुईमूग पिकवू लागले. अजूनही पिकवतात.

१८ फेब्रुवारी १९६५ रोजी देश स्वतंत्र झाला. लिहिता-वाचता येणारे थोडे. मग मत द्यायचे कसे? त्या सुमारास निघालेली युक्ती आम्हांला फार आवडली. मतदाराला काचेची एक गोटी देतात. आडोशाला पिंपे मांडलेली असतात. प्रत्येक उमेदवाराच्या पिंपाचा रंग वेगळा, वर त्याचे चित्र. भोकातून गोटी टाकली की आत घंटी वाजते. दोनदा वाजली तर लबाडी उघडी पडते! मतदानाच्या जागेजवळ त्या दिवशी सायकलीसुद्धा येऊ देत नाहीत. त्यांच्या घंटीने घोटाळा व्हायचा.

पोरखेळ वाटला? मग पुढचे ऐका. १९९४ साली याह्या जामे या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली. बावीस वर्षे त्याचा अंमल चालला. विरोध करणारे तुरुंगात गेले, कित्येक जिवाला मुकले. डिसेंबर २०१६ मध्ये गोट्या मोजल्या आणि तो हरला. आधी त्याने हार कबूल केली, आठवड्याने शब्द फिरवला. निवडून आलेल्या अदामा बॅरो यांना शपथ सेनेगालात घ्यावी लागली. शेजारच्या देशांच्या फौजा सरहद्द ओलांडून आल्या, तेव्हा कुठे जानेवारी २०१७ मध्ये जामे देश सोडून गेला.

२०२१ साली तेथे पुन्हा मतदान झाले. तेव्हाही पिंपे होती, आणि गोट्याच होत्या.