प्रयोगशाळेतले मांस आणि आपल्या शेळ्या

"आता म्हणे टाकीत मटण तयार होतंय, मग शेळ्या ठेवाव्यात की विकून टाकाव्यात?" असे काही शेळीपालक विचारतात. आज त्याविषयी बोलू.

गोष्ट खरी आहे. जिवंत जनावराच्या स्नायूचा बारीक तुकडा घेतात. त्यातल्या पेशी बंद टाकीत, ऊब देऊन, पोषक द्रावणात वाढवतात. २०१३ साली नेदरलँडचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी अशा मांसाची पहिली वडी लंडनमध्ये शिजवून दाखवली. तिला अडीच लाख युरो खर्च आला होता. २०२० मध्ये सिंगापूरने असे कोंबडीचे मांस विकण्यास परवानगी दिली. इटलीने २०२३ मध्ये बंदी घातली. खर्च आता पुष्कळ उतरला आहे, तरी बाजारातल्या मटणाची जागा त्याने घेतलेली नाही. तेव्हा घाबरून दावणीच्या शेळ्या विकू नका.

मात्र हे मांस करणारे लोक जे म्हणतात, ते ऐकून घ्या. जनावरांना चारा-पाणी फार लागते आणि रवंथ करणारी जनावरे मिथेन वायू सोडतात, त्याने हवा तापते. हे खरेच आहे. आपली शेळी बाभळीच्या शेंगा, झाडपाला खाते, माणसाच्या तोंडचा घास नव्हे; वर लेंडीखत देते. पण करडू पंधरा दिवसांत दगावले, तर आईने पाच महिने गाभणपणी खाल्लेला चारा वाया गेला, वायू मात्र हवेत गेलाच. नुकसान तुमचे आणि हवेचेही.

म्हणून एवढे करा:

१. करडू जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. अर्ध्या-एक तासात चीक पाजा. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक तीन-चार वेळा विभागून द्या.

२. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पीपीआरची लस व जंताचे औषध पशुवैद्यकांना विचारून द्या.

३. चारा जमिनीवर टाकू नका, गव्हाणीत द्या. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा.

४. लेंड्या उघड्यावर वाळू देऊ नका, खड्ड्यात टाका.

आणि एक वही ठेवा. किती करडे झाली, किती जगली, एवढेच लिहा. दहा शेळ्या ठेवून निम्मी करडे गमावण्यापेक्षा सहा शेळ्यांची सगळी जगवलेली बरी. बघा, वर्षअखेर वहीच तुम्हाला सांगेल, शेळ्या ठेवाव्यात की नाही ते.