मोडका बाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले, ते मी ऐकले. अंगणातल्या बाकांची नि खुर्च्यांची डागडुजी, हा काय वर्धापनदिनाचा विषय झाला? एरवी या दिवशी आपण बाहेरच्या वक्त्या बोलावतो. परंतु यंदा कार्यवाहबाई म्हणाल्या, "बाकाचे प्रकरण ज्यांच्यामुळे झाले त्यांनीच बोलावे." तेव्हा मी आपल्यापुढे आरोपी म्हणून उभी आहे असे समजा, म्हणजे माझे बोलणे गोड मानून घेणे सोपे जाईल.

बरोबर वर्षापूर्वी, चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी, आपला सागवानी बाक डुगडुगतो हे माझ्या ध्यानात आले. त्यावर पन्ह्याचे पातेले ठेवले होते आणि जरा धक्का लागला की पन्हे हिंदकळत होते. मी काय केले? कुंपणापाशी पडलेला कौलाचा तुकडा उचलला आणि मागच्या पायाखाली सरकवला. डुगडुग थांबली. आपण किती हुशार, असेही वाटले. पुढे पावसाळा आला आणि गेला. तुकडा तेथेच राहिला. कोजागिरीच्या रात्री दूध आटत होते, गाणी रंगली होती, आणि आक्का नेहमीप्रमाणे बाकाच्या उजव्या टोकाला येऊन टेकल्या. तोच पाय खचला. आक्का कडेला कोसळल्या, मनगटाचे हाड मोडले आणि पुढचे सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये गेला. त्या समोरच बसल्या आहेत. मी काही वाढवून सांगत असेन तर त्यांनी मला थांबवावे.

नंतरच्या सभेत ठराव आला: बाक भंगारवाल्यास द्यावा आणि एक डझन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घ्याव्यात. सूचक कोण? मीच. खरे सांगावयाचे तर तो बाक मला डोळ्यांपुढे नको झाला होता. ठराव मंजूर होणार इतक्यात आक्का गळ्यात हात बांधलेल्या तशाच उठल्या नि मला म्हणाल्या, "अगं, बाकानं मला पाडलं नाही. वर्षभर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणून मी पडले. आधी तो उलटा करून बघा तरी, मग काय फेकायचं ते फेका."

यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी बाक उताणा केला, खिशातून पेचकस काढला आणि एकेका पायाला टोचून पाहिले. तीन पायांत टोक शिरेना. चौथ्यात, म्हणजे माझ्या कौलाच्या तुकड्यावर उभा होता त्या पायात, ते लोण्यात शिरावे तसे गेले. खालची चार बोटे लाकूड नुसता भुगा. वर मात्र तोच पाय टणक. "काकू, बाक चांगला आहे. एवढा पाय तेवढा गेलाय," मिस्त्री म्हणाले.

तेवढाच पाय का गेला, हे त्यांनी मला दाखवले. सागाच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही असे आपण ऐकतो, ते खरे आहे, पण ते आतल्या गाभ्यापुरते. सालीलगतचे जे फिकट पांढरे लाकूड असते त्यात ती ताकद नसते. या एका पायाच्या कडेला तसा पट्टा राहून गेला होता. शिवाय लाकडाचे उभे रेषे म्हणजे बारीक नळ्याच. पायाचे टोक ओल्या मातीत टेकले की त्या नळ्यांतून पाणी वर ओढले जाते. फळीच्या अंगावरून पाणी ओघळून जाते, टोकातून ते आत शिरते. पावसाचे चार महिने पाय मातीत, आणि माझा कौलाचा तुकडा मधोमध खोलगट! त्यात पाणी साचून राहत असणार. म्हणजे मी आधार दिला नव्हता, पाय भिजत घालण्याची वाटी ठेवली होती.

मिस्त्रींनी कुजका भाग तिरका कापून काढला आणि तेवढ्याच तिरक्या कापाचा नवा सागाचा तुकडा त्यास जोडला. काप तिरका अशासाठी, की जोडाला चिकटावयास जागा जास्त मिळते. गोंद पाण्यात न सुटणारा. घरात चालतो तो साधा पांढरा गोंद पावसात टिकत नाही. जुना सरस तर दमट हवेनेसुद्धा सुटतो. मी घरातून चार लोखंडी खिळे नेऊन दिले, तर मिस्त्रींनी ते नम्रपणे परत केले. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगले की लाकूड चिरते. त्यांनी पितळी स्क्रू घातले. सर्व पायांखाली शहाबादी फरशीचे सपाट तुकडे ठेवले, मातीपासून दोन बोटे वर. माझ्या मते सगळ्या कामातील ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

येथे थोडे विषयांतर करते. पाय सुटा करताना आडव्या दांडीच्या खाचेतून चिमूटभर राखाडी गाळ पडला. हा बाक मंडळाकडे नारायण पेठेतल्या एका घरातून आला, हे आपल्यातील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, तेव्हा हा बाक त्या घराच्या अंगणात होता. पाणी ओसरल्यावर तो चिखलात उपडा सापडला, असे माझ्या सासूबाई सांगत. तो गाळ त्याच पुराचा असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. साठ वर्षांत धूळही पुष्कळ बसते. पण मिस्त्रींनी तो वर्तमानपत्राच्या कागदावर घेतला, तेव्हा आम्ही दोघीतिघी काही वेळ गप्पच राहिलो. ज्या बाकाला पुराने काही केले नाही, त्याला मी कौलाच्या तुकड्याने मोडले होते.

वरच्या फळ्या राखेसारख्या झाल्या होत्या. मला वाटले, लाकूड मेले. मिस्त्रींनी पॉलिश पेपरचे चार हात फिरवले आणि खालून तांबूस साग निघाला. उन्हापावसाने येणारा करडेपणा वरच्या कातडीपुरताच असतो. कोणास तो रंगच आवडत असेल तर तसाच ठेवावा, बिघडत काही नाही. आम्ही घासून घेतले आणि रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल लावले. तेल फडक्याने पातळ लावावयाचे, अर्ध्या तासाने वरचे पुसून घ्यावयाचे. जाड थापले तर ते चिकट राहते नि धूळ धरते. आणि मैत्रिणींनो, हे नीट ऐका: ते तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते, आणि बोळ्यात ती धग कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडके मोकळे पसरून बाहेर वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून मग टाकावे.

बाक दुरुस्त झाला तशा घरोघरच्या खुर्च्या बाहेर निघाल्या. लोखंडी सर्वांत जास्त. लोखंडाचे गणित सोपे आहे, पण आपण ते आळसाने चुकवतो: गंजावरच रंग मारतो. गंज खाली वाढतच राहतो आणि वर्षात रंगाचा पापुद्रा उचलतो. धातू उघडा दिसेपर्यंत घासावे, त्याच दिवशी, रात्रीचा दमटपणा बसण्याआधी, रेडऑक्साइडचा हात द्यावा, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. हे काम कोरड्या दिवसांतच करावे. पोकळ नळीच्या खुर्च्या मात्र आतून कुजतात. पायाची रबरी टोपी फाटलेली असते, आत पाणी शिरते आणि बाहेर पडत नाही. टोपी बदलावी, नळीच्या खालच्या टोकाला पाणी निथळण्यापुरते बारीक भोक पाडावे. नळी बोटाने दाबून दबत असेल तर मोह सोडावा. ती खुर्ची कोणाला तरी आक्कांसारखी पाडणार.

जुना रंग घासताना आणखी एक जपावे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि लोखंडावर पहिला हात शेंदरी रंगाचा देत त्यात तर हमखास. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा नियमाने घातली गेली ती २०१६ साली, आणि ती अमलात आली १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे आजेसासऱ्यांच्या वेळच्या खुर्चीवरचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला फडके बांधावे, खाली कागद पसरावा आणि नातवंडांना त्या दिवशी मावशीकडे पाठवावे. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट.

वेताच्या खुर्चीची जागा पडवीत. ती पावसात ठेवणाऱ्यांना मी काही सांगणार नाही. बैठक नुसती सैल पडली असेल आणि वेत तुटलेला नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या अंगाने गरम पाण्याने चिंब करावी, सावलीत वाळू द्यावी. वाळताना वेत आवळतो. दोन दिवस तिच्यावर बसू नये. वेत तुटला असेल तर विणणाराच हवा. अंधशाळांतून हे वेतकाम शिकवण्याची जुनी रीत आहे, आणि बोटांनी ताण ओळखणारा असा एक कारागीर आमच्या गल्लीत येत असे. त्याच्या हातची खुर्ची अजून माझ्याकडे आहे. पट्ट्यांच्या घडीच्या खुर्च्या मात्र आपणच विणाव्यात. ज्या बाईने कधी बाजेची नवार विणली असेल तिला त्यात शिकावयाचे काही नाही. बाहेरच्या खुर्चीला नायलॉनची पट्टी घ्यावी, सुती कुजते. मी पहिली विणली ती इतकी वाकडी झाली की आमच्या सूनबाईंनी तिचा फोटो काढून ठेवला आहे. उसवली, पुन्हा विणली.

आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांविषयी. माझा त्यांच्यावर राग नाही. हलक्या असतात, एकावर एक रचता येतात, कार्यक्रमाला बऱ्या. पण उन्हाने एकदा त्यांच्यावर पांढरी पूड धरली आणि पायाला चीर गेली, की उपाय नाही. नेहमीचा कोणताही गोंद त्यांना धरत नाही, आणि धरला तरी शेजारी नवी चीर जाते. त्या सावलीत ठेवणे एवढेच आपल्या हाती.

खर्चाचे विचाराल तर बाक दुरुस्ती काही फुकट झाली नाही. मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी, हातभर साग, स्क्रू, तेल. हिशेब वहीत आहे, कोणीही पाहावा. कोषाध्यक्षाबाईंनी नाक मुरडलेच, कारण तेवढ्यात प्लॅस्टिकच्या तीन-चार खुर्च्या आल्या असत्या. त्यांचे म्हणणे खोटे नाही. धाकट्या मंडळींचे म्हणणे निराळे: "काकू, वेळ कुणाला आहे?" तेही खरे. नोकरी, मुले, प्रवास सांभाळून पॉलिश पेपर कोण घासणार? माझे मागणे म्हणून लहानसेच ठेवले आहे. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, अंगणातील प्रत्येक बाक आणि खुर्ची उलटी करावी, पायाला टोचून पाहावे आणि जे सापडेल ते वहीत लिहावे. बारा मिनिटांचे काम आहे. मी घड्याळ लावून पाहिले.

पहिली पाहणी येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता. पेचकस आणि पॉलिश पेपर मी आणते. आपण जुन्या सुती लुगड्यांची फडकी आणावीत, नव्या साड्यांची नकोत, ती तेल पीत नाहीत. तीन खुर्च्या नि फाटकाजवळचा लोखंडी बाक पाहावयाचा आहे, आणि त्या बाकाचा डावा पाय मला आत्ताच ठीक वाटत नाही. आक्का येणार आहेत. त्यांनी मला बजावले आहे की शनिवारी त्या सागाच्या बाकावर बसतील, पण आधी मी बसून दाखवल्यावर.