घरची बोली आणि नाक्यावरचे शब्द



वर्गात दोन मुले उभी आहेत, अशी कल्पना करावी. वऱ्हाडाकडच्या घरातून आलेले पहिले मूल म्हणते, ‘मले पुस्तक पाहिजे.’ दुसरे तक्रार करते, ‘बाई, त्याने तासाला कल्टी मारली.’ पुष्कळ शिक्षक दोन्ही वाक्यांखाली सारखीच तांबडी रेघ ओढतील आणि दोहोंना ‘अशुद्ध’ ठरवतील. वास्तविक ही वाक्ये भाषेच्या दोन निराळ्या प्रांतांतली आहेत. पहिले बोलीचे आहे. दुसऱ्यात ‘स्लँग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उडत्या भाषेचा शब्द आहे. हा भेद ओळखला न गेल्यास पहिल्या मुलाचे फार मोठे नुकसान होते.

बोली ही संपूर्ण भाषा असते. तिला स्वतःचे उच्चार, सर्वनामे, प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे असतात. वऱ्हाडीतले ‘मले’, ‘तुले’ किंवा मालवणीतले ‘माका’, ‘तुका’ ही ‘मला’, ‘तुला’ यांची बिघडलेली रूपे नव्हेत. त्या त्या बोलीच्या नियमाने ती सिद्ध झालेली आहेत. ज्या घरात ‘मले’ म्हणतात, त्याच घरात ‘रामाले’ही म्हणतात. चुकीत असा सातत्याचा नियम सापडत नाही.

उडत्या भाषेला असे व्याकरण नसते. ‘त्याने कल्टी मारली’ या वाक्यात ‘त्याने’ ही तृतीया मराठीची आणि ‘कल्टी’ स्त्रीलिंगी म्हणून आलेले ‘मारली’ हे रूपही मराठीचेच. नवा आहे तो एक शब्द. हा शब्दसंग्रहही एकांगी असतो. पैसा, पोलीस, दोस्ती, फजिती, पळ काढणे अशा मोजक्या गोष्टींना तेथे नावेच नावे असतात. मुंबईच्या एका जगात लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणतात. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला या संग्रहाचा काही उपयोग होत नाही. तिचे बोलणे घरच्या बोलीतूनच येते.

दोहोंचा उगमही वेगळा आहे. बोली मांडीवर मिळते. उडते शब्द नाक्यावर, वसतिगृहात, बाजारात बरोबरीच्यांकडून मिळतात. आतल्यांना ओळख पटावी आणि बाहेरच्यांना अर्थ लागू नये, हे त्यांचे एक काम असते. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवताना जुने व्यापारी आकड्यांना गुप्त नावे देत. त्या नंदभाषेमागेही हाच हेतू होता.

म्हणून हे शब्द तुच्छ मानण्याचेही कारण नाही. ‘राडा’ म्हणजे मुळात चिखल. तो शब्द मारामारीसाठी वापरला जाऊ लागला आणि आता वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसतो. ‘भिडू’ हा खेळातला जोडीदार. नाक्याने त्याचे संबोधन केले. काही शब्द असे टिकतात. पुष्कळसे मात्र ती पिढी पांगली की विरून जातात.

बोलीचे आयुष्य याहून दीर्घ असते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी तंजावरास पोहोचली. 1803 साली तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. 1855 साली राज्य संपले, दरबार गेला. तरीही चोहोबाजूंनी तमिळ असताना तेथील मराठी कुटुंबांनी आपली बोली घरात सांभाळली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला यापेक्षा जवळचा दाखला कोणता मिळणार?

वाङ्मयाचा इतिहासही हेच सांगतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून गौरवले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपुरात सिद्ध झाले. लिहिता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची खानदेशी वळणाची कविता त्यांच्या निधनानंतर, 1952 साली पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. आजच्या प्रमाण मराठीला एकोणिसाव्या शतकातले कोश, क्रमिक पुस्तके आणि पुण्याकडचे शिष्ट वळण यांनी आकार दिला. सर्वांना एकमेकांचे लिहिलेले कळावे म्हणून ती हवीच. परंतु त्यामुळे इतर बोली हीन ठरत नाहीत.

इंग्रजी अमदानीत देशी भाषांना ‘व्हर्नाक्युलर’ म्हणत. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ची परीक्षा उतरलेला मनुष्य गावात मानाने मास्तर होई. पुढे मुंबईच्या महाविद्यालयांत त्याच शब्दाचा लचका तोडून ‘व्हर्नॅक’ असा टवाळीचा शब्द निघाला आणि तो मातृभाषेतून शिकून आलेल्या मुलांना चिकटवला गेला. देशी भाषेला हिणवण्यासाठी उडत्या भाषेने तिचेच नाव वापरले! हा घाव सोसलेली मुले सगळीकडच्या मराठी शाळांत आढळतील. मात्र ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला जो वर्ग हसतो, तो तोच घाव आपल्या हाताने घालत असतो. असे मूल एकदा ओशाळले की वर्गात गप्प बसते. महाराष्ट्राबाहेर तर त्याला दुसरी भाषा हाताशीच असते. मग ते मराठीत पुन्हा तोंड उघडत नाही.

उपाय अवघड नाही. ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला आधी पुस्तक द्यावे. मग ‘घरी मले, लिहिताना मला’ असे सांगावे. त्याच्याजवळचे एक रूप न काढून घेता दुसरे द्यावे. ‘कल्टी’ म्हणणाऱ्याला प्रसंग शिकवावा: मैदानावर चालेल, उत्तरपत्रिकेत आणि सांत्वनाच्या पत्रात चालणार नाही.

शाळेच्या या हीरक महोत्सवी वर्षात प्रत्येक वर्गाने एक वही घालावी. आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द मुलांनी त्यांच्या अर्थासह त्यात उतरावेत. शेजारच्या पानावर स्वतःचे मैदानावरचे शब्दही लिहावेत. पुढच्या महोत्सवाला ती वही उघडली म्हणजे दुसऱ्या पानावरचे बरेचसे शब्द कोणाला आठवणार नाहीत. पहिल्या पानावरचे त्या वेळी कोणाच्या तरी घरात बोलले जात असावेत, एवढी खबरदारी आज घेणे शाळेच्या आणि पालकांच्या हाती आहे.