चोखोबांना न्याय मिळाला का?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



मी चौथी शिकलेला शेतकरी. चार शब्द बोला म्हणाले, म्हणून उभा राहिलो.

शंभर वर्षं झाली की माणूस मागचं काढतो. आणि म्हणतो, अन्याय झाला खरा, पण इतिहासानं न्याय केला. खरंच करतो का हो?

पंढरीत महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. जन्मभर त्यांना देवळाबाहेर उभं केलं. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललेलं, ते ढासळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ती नामदेवरायांनी गोळा केली, असं आपण कीर्तनात सांगतो. डोळ्यांत पाणी येतं. पण समाधी कुठं झाली? दाराबाहेरच.

पुढं १९४७ साली साने गुरुजी पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १ मेला बसले, १० मेला देऊळ सगळ्यांना खुलं झालं. सहाशे नऊ वर्षं लागली! चोखोबांना त्यातलं काय मिळालं? सोयराबाईंना काय? कर्ममेळ्यानं तर देवालाच जाब विचारला होता, त्याला काय?

पीक जळून गेल्यावर पाऊस आला, तर पुढच्या पेरणीला उपयोगी. जळालेलं कणीस काही भरत नाही.

आता आपल्या घरचं सांगतो. दहा-अकरा वर्षांचा असताना आज्यासंगं पहिल्या वारीला आलो. देऊळ उघडून तवा पंचवीस वर्षं होत आली होती. दिंडीत एक म्हातारे वारकरी होते. मुक्कामाला लाकडं फोडायचे, बैलांना वैरण टाकायचे, गळा लई गोड. पण पंगत बसली की त्यांचं पान लांब झाडाखाली. मी वाढायला होतो. आमटी वरूनच सोडली. ते म्हणाले, "पुरे माउली." मला पोराला माउली म्हणाले! मी गप्प. पुढं कीर्तन करू लागलो, चोखोबांवर बोलू लागलो, तरी ह्यावर गप्पच. ते गेले.

ह्या ग्रंथात जुन्या वारकऱ्यांची यादी आहे. त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी त्यांच्या नातवाकडं गेलो, सगळं सांगितलं, नाव छापू का विचारलं. तो म्हणाला, "छापा बाबा. पण आज्या आता वाचणार न्हाई."

खरं बोलला. नाव घालायचं ते त्यांची फेड म्हणून नाही, आपली यादी खोटी राहू नये म्हणून. आणि पान वेगळं का होतं, तेही लिहायचं.

न्याय माणूस जिता असतानाच करता येतो. आज महाप्रसादाला बसताना एकदा मान वळवून बघा, कडेला कोण राहिलं आहे. त्याला आत्ताच हाक मारा. कीर्तन मागाहून होईल.

काही चुकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!