दहा बाय बाराचा गाळा आणि नखांचं पार्लर

मैत्रिणींनो, कामं आटोपली असतील तर जरा बसा, आणि आटोपली नसतील तर काम करता करता ऐका. आज आम्ही बोलणार आहोत ते पार्लरच्या जागेबद्दल. त्यातही नखांच्या कामाबद्दल.

भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप हे आता बाजाराच्या प्रत्येक गावात मिळतं. अलीकडे नखांचं काम वेगळं मागितलं जातं. नवरीला मेंदीसोबत नखंही करून हवी असतात. शाळेत, बँकेत, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या ताया महिन्या-दोन महिन्यांनी हातपाय स्वच्छ करून घेतात. उन्हाळ्यात टाचांच्या भेगा घेऊन येणाऱ्या शेतकरी बायकाही असतात. त्यामुळे आमच्या गटांच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो : नखांचं पार्लर काढायचं आहे, गाळा बघितला आहे, कर्ज द्या.

कर्ज द्यायला आमची ना नसते. पण गटाचं कर्ज म्हणजे दहा-बारा जणींनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेली बचत. तो पैसा गाळ्यात कुठे लागतो, हे सगळ्यांनी बघायला हवं. आणि पैशाच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट असते. जी ताई त्या गाळ्यात रोज आठ-आठ तास बसणार, तिची पाठ आणि तिची छातीही त्या मांडणीवर अवलंबून असते. पैसा हळूहळू फिटतो. दुखणं मात्र मागे लागलं की लागलं.

आमच्याकडच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. एसटी स्टँडजवळचा शटरचा गाळा, १० फूट रुंद, १२ फूट खोल. मागच्या भिंतीला एक छोटी खिडकी आणि उजव्या कोपऱ्यात मोरी. ताईंनी शहरातलं एक सलून पाहिलं होतं. त्यांच्या यादीत छताला पीओपी, एक भिंत पूर्ण आरशाची, पाण्याचे फवारे असलेली पेडिक्युअरची मोठी खुर्ची आणि फेशियलचा पलंग होता. मोरी, वायरिंग आणि हवा यांच्यासाठी यादीत एक ओळही नव्हती.

बैठकीत कुणी त्यांना नाही म्हटलं नाही. एका आजींनी एवढंच सुचवलं, "अंगणात रांगोळीने गाळा काढा की. बसून बघू." मग १० बाय १२ चा चौकोन काढला. पलंगाच्या जागी बाज ठेवली, खुर्च्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या, मोरीच्या जागी घमेलं. दोघी बसल्या, एक उभी राहिली, आणि चौथीने भरलेली बादली घेऊन चालायला सुरुवात केली. बादली बाजेला अडली. काम करणारीला खुर्ची मागे सरकवून उठताच येईना. पंधरा मिनिटांत यादी आपोआप बदलली, आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नव्हता.

म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट हीच. जमिनीवर खऱ्या मापाने आखा. कागदावर सगळंच मावतं. आखून झाल्यावर त्यात बसा, उठा, वाका, बादली घेऊन फिरा. जिथे बादली अडते तिथे उद्या गिऱ्हाईकही अडणार.

आता ताईंची मांडणी शेवटी कशी ठरली, ते मापांसकट सांगतो. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

आधी नखांचं टेबल. लांबी ३ फूट, रुंदी दीड फूट, उंची अडीच फूट. रुंदी यापेक्षा जास्त नको. टेबल रुंद झालं की गिऱ्हाइकाचा हात धरायला दिवसभर पुढे वाकावं लागतं आणि सहा महिन्यांत मान-कंबर बोलायला लागते. या टेबलाची लहान बाजू मागच्या भिंतीला टेकवली, खिडकीखाली. एका अंगाला काम करणारी, समोर गिऱ्हाईक. दोघींच्या खुर्च्यांना अडीच-अडीच फूट जागा. म्हणजे गाळ्याच्या १० फूट रुंदीतली साडेसहा फूट इथे गेली. खुर्ची पाठ टेकता येईल अशी, आणि कोपर टेबलावर आरामात टेकेल एवढ्या उंचीची.

टेबल मागच्या भिंतीलाच का? हवेसाठी. नेलपॉलिश काढायला आपण जे रिमूव्हर वापरतो, त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती वर न जाता खाली बसते. छताजवळ लावलेला एक्झॉस्ट फॅन तिला नीट ओढत नाही. छताचा पंखा तर वास आणि नख घासल्याची बारीक पूड सगळ्या गाळ्यात पसरवतो. म्हणून ताईंनी एक्झॉस्ट फॅन टेबलाच्या टोकाशी, भिंतीत, टेबलाच्या उंचीला बसवला. हवा शटरमधून आत येते, टेबलावरून जाते आणि बाहेर पडते. वाटेत कुणाचं नाक येत नाही. साधा कापडी मास्क पूड थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. काम करणारी ताई गरोदर असेल तर हवेची काळजी दुप्पट घ्या. आणि तान्ह्या बाळाची झोळी त्या टेबलाजवळ बांधू नका.

दुसरं, ॲसिटोन लगेच पेट घेतं. रॉकेलपेक्षाही लवकर. म्हणून वॅक्स गरम करायचा हीटर टेबलापासून लांब, गाळ्याच्या पुढच्या भागात. देवाचा फोटो आपण सगळ्याच लावतो, पण निरांजन आणि उदबत्ती नखांच्या टेबलाजवळ नको. पूजा करा, दिवा शांत करा, मग बाटली उघडा. टेबलावर लहान बाटली ठेवा. मोठी बाटली बंद कपाटात, उन्हापासून दूर. भिजलेला कापूस उघड्या टोपलीत टाकू नका. झाकणाचा डबा घ्या आणि तो रोज रिकामा करा.

आता पायांचं काम. मोरी मागच्या उजव्या कोपऱ्यात होती. ताईंना पेडिक्युअरची खुर्ची रस्त्याच्या बाजूला, दिसेल अशी हवी होती. म्हणजे मोरीपासून तिथपर्यंत फरशी फोडून पाइप न्यावा लागला असता. आम्ही म्हटलं, पाइप हलवण्यापेक्षा खुर्ची हलवा. उजव्या भिंतीला साडेतीन फुटांचा पट्टा राहिला होता. त्यात मागे मोरी, मोरीकडे पाठ करून काम करणारीचं स्टूल, पुढे टब आणि त्यापुढे गिऱ्हाइकाची खुर्ची. वळलं की हाताशी नळ. घाण पाण्याची बादली वाटेवर येतच नाही.

गिऱ्हाइकाची खुर्ची एक फूट उंच चौथऱ्यावर घेतली. पाय वर आले की काम करणारीला उकिडवं बसावं लागत नाही, पाठीच्या स्टुलावर बसून काम होतं. चौथऱ्याला मधे एक पायरी आणि भिंतीला धरायला दांडी लावली, कारण भेगा पडलेल्या पायांच्या म्हाताऱ्या बायाच जास्त येतात. गाळा भाड्याचा, म्हणून चौथरा सिमेंटचा केला नाही. वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून वर जाड प्लायवूड टाकलं. गाळा सोडला तर टेम्पोत घालून नेता येतो. तिथली फरशी खरखरीत हवी, आणि तिचा उतार मोरीकडे.

फवाऱ्याची खुर्ची का घेतली नाही, तेही सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २००० साली एका नखांच्या सलूनमध्ये शंभरहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. तपास झाला तेव्हा पाय बुडवायच्या टबांत, पाणी ओढणाऱ्या जाळीच्या मागे, केस आणि कातडीचा मळ साचलेला सापडला. जंतू तिथे वाढत होते. वरून टब स्वच्छ दिसत होता. ज्या बायकांनी पेडिक्युअरच्या आधी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. टब साधा, गुळगुळीत, उलटा करून घासता येईल असा घ्यायचा. आणि पायाला जखम असेल, नुकतंच रेझर फिरवलेलं असेल, तर त्या दिवशी पाय टबात घालायचे नाहीत. मधुमेह असलेल्या ताईंच्या भेगांची कातडी आपण कापायची नाही. त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवायचं.

टब किमान दोन हवेत. एक वापरात, एक धुऊन उलटा ठेवलेला. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने घासायचा, मग जंतुनाशकाचं पाणी बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, मग विसळायचा. यासाठी मोरीच्या वर जाळीची मांडणी लागते. ती आधी आखली नाही तर टब जमिनीवरच पडून राहतो.

पाण्याचा हिशोबही आधीच करा. भिजवायला एक टब, धुवायला एक टब, आणि टब घासायला पाणी. एका गिऱ्हाइकामागे साधारण २० लिटर धरा. दिवसाला आठजणी आल्या तर १६० लिटर. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतंच असं नाही. म्हणून २०० लिटरचा पिंप कुठे ठेवायचा हे रांगोळी काढतानाच ठरवा. भरलेला पिंप दोन क्विंटलचा असतो, नंतर हलत नाही.

अवजारांची मांडणी आपल्या स्वयंपाकघरासारखी ठेवा. खरकटी भांडी एका बाजूला, घासलेली दुसऱ्या बाजूला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच इथे. स्वच्छ अवजारं झाकणाच्या डब्यात टेबलाच्या एका हाताला. वापरलेली दुसऱ्या हाताच्या ट्रेमध्ये. तिथून मोरी, धुणं, जंतुनाशक, वाळवणं आणि परत डबा. ही फेरी एकाच दिशेने फिरली पाहिजे. नखं घासायची कागदी पट्टी आणि लाकडी काडी धुता येत नाही. ती एकीची दुसरीला वापरायची नाही.

उजेडाचं थोडक्यात. पिवळ्या दिव्याखाली रंग वेगळा दिसतो. नवरी शालूला जुळणारा रंग निवडते आणि बाहेर उन्हात गेली की तो दुसराच निघतो. म्हणून पांढरा दिवा लावा, आणि तो टेबलाच्या वर. काम करणारीच्या डोक्यामागे ट्यूब असेल तर तिचीच सावली गिऱ्हाइकाच्या नखांवर पडते.

विजेचे पॉइंट आधी मोजा. टेबलाचा दिवा, जेल सुकवायचा दिवा, हीटर, एक्झॉस्ट फॅन, मोबाइल. एका बोर्डावर तीन-तीन पिना अडकवल्या की वायर तापते, आणि शेजारी ॲसिटोन आहे हे विसरू नका. मोरीजवळ प्लग नको. अर्थिंग नीट करून घ्या. शॉक बसताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच वायरमनकडून बसवून घ्या, कारण इथे ओले हात आणि वीज एकाच खोलीत आहेत.

आता पुढचा भाग. डावीकडे दोघी बसतील एवढा बाक, भुवयांची खुर्ची आणि एकच आरसा, बसलेल्या बाईचा चेहरा आणि खांदे दिसतील एवढा. शटरला अर्ध्या उंचीचा पडदा, म्हणजे वरून हवा-उजेड येतो आणि स्टँडवरची माणसं डोकावत नाहीत. पडदा नसेल तर आपल्याकडच्या निम्म्या बायका आत पाऊलच टाकणार नाहीत. चपला बाहेर. फेशियलचा पलंग ताईंनी सध्या घेतला नाही. शेजारचा गाळा मिळाला तर बघू म्हणाल्या.

खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी मोरी आणि पाणी, मग वीज, मग हवा, मग खुर्च्या आणि टेबल, आणि शेवटी रंग आणि आरसा. पहिल्या चारांत काटकसर केली तर नंतर भिंत फोडावी लागते. रंग दिवाळीला पुन्हा देता येतो. आणि फॅनसाठी भिंतीला भोक पाडण्याआधी गाळामालकाची लेखी परवानगी घ्या. तोंडी बोलणं भाडं वाढवताना कुणाला आठवत नाही.

गटाच्या अध्यक्ष आणि सचिव तायांना एक विनंती. अशा कर्जाचा अर्ज आला तर एवढं विचारा. जमिनीवर आखून पाहिलं का? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? वाफ कुठून बाहेर पडते? काम करणारीला पाठ टेकता येते का? गाळा सोडावा लागला तर काय काय उचलून नेता येईल? पाचांची उत्तरं मिळाली की कर्ज निर्धास्त द्या. गटाची रक्कम अपुरी पडली तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. तिच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. काम शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये ग्रामीण भागातल्या महिलांना मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. ब्युटी पार्लरचा वर्ग कधी आहे, ते तिथे विचारून घ्या.

ताईंच्या गाळ्यात आज एका वेळी दोघींचं काम होतं. एकीचे पाय भिजत असताना दुसरीची नखं होतात, आणि ताई स्टुलावरून टेबलाशी दोन पावलांत पोचतात. हप्ता वेळेवर येतो. पीओपीबद्दल अजून एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणी पार्लरचा, शिलाईचा, नाहीतर खानावळीचा विचार करत असेल, तर पुढच्या बैठकीला रांगोळीचा डबा आणि मोजपट्टी घेऊन जा. आखा, बसा, बादली फिरवून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.